सांगलीची हळद आणि चिपळूणचा डाख

गुहागरला जायचं हे आत्याने ठरवलं होतं आणि आपल्या गाडीने जायचं हे मी. पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष कुणाचा, यावर आमचं अजून एकमत नाही.

गाडी म्हणजे बाबांची १९९८ ची मारुती ८००. कार्बोरेटरवाली, पांढरी, आता साधारण सायीच्या रंगाची. पंधरा वर्षं झाल्यावर २०१३ ला, मग २०१८ ला आणि २०२३ ला आरटीओत नेऊन हिची नोंदणी पुढे ढकलून आणली आहे. घरातले सगळे “आता भंगारात दे” म्हणतात आणि पाऊस आला की हिच्याच किल्ल्या मागतात. मार्चपासून ती पाणी प्यायला लागली होती. आठवड्याला अर्धा लिटर तरी. मी सोसायटीच्या बोअरिंगच्या नळाखाली बाटली धरायचे आणि रेडिएटरमध्ये, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या पुढच्या जाळीत, ओतायचे. पाणी पिते म्हणजे ते कुठेतरी सांडतेही, एवढा साधा हिशोब मी दोन महिने केला नाही.

पहिला दिवस: पुणे ते गुहागर, कसंबसं

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. आत्याची पूजा, मग डबा, मग बरणीचं झाकण नीट बसत नाही म्हणून दुसरी बरणी, असं करत साडेसात वाजले. सामानात सगळ्यात जपून आणलेली वस्तू म्हणजे सांगलीची हळद. अर्धा किलो, कुणाकडून तरी खास मागवलेली, दोन पिशव्यांत गुंडाळून आत्याच्या मांडीवर. गुहागरच्या काकूंकडे (आत्याच्या धाकट्या जाऊबाई, पण आम्ही सगळेच त्यांना काकू म्हणतो) कैरीचं लोणचं घालायचा बेत होता.

१ मेची जोडून आलेली सुट्टी. शिरवळपर्यंत मजेत गेलो. खंबाटकी घाट लागला आणि गाड्या मुंगीसारख्या सरकायला लागल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पुण्याकडे येताना इथे बोगदा आहे, पण साताऱ्याकडे जाताना तेव्हा घाटच चढावा लागायचा. चढ, पहिला गिअर, समोरून वारा नाही आणि डोक्यावर मे महिना. तापायची असेल ती गाडी इथेच तापते. सुट्टीच्या दिवशी या घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्यांची रांगच असते.

इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे माझं लक्ष होतं, असं मी घरी सांगितलंय. खरं म्हणजे आत्याने विचारलं, “अगं, हा वास कसला? कुणीतरी लोखंडी कढईत पाणी उकळत ठेवल्यासारखा?” तेव्हा मी खाली पाहिलं. काटा एचला, म्हणजे ‘हॉट’ला टेकलेला. मी हीटर पूर्ण सोडला. हे खरंच उपयोगी पडतं, हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो. फक्त ती उष्णता आपल्या पायांवर येते. बाहेर जवळपास चाळीस अंश आणि आत आत्याच्या पायावर गरम वाफारा. “तू मला भाजून नेणार आहेस का गुहागरला?”

खामजाईच्या देवळाच्या आधी कडेला जागा मिळाली. बॉनेट उघडलं तर सुईएवढ्या भोकातून पाण्याची बारीक पिचकारी, रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या सांध्यातून. समोर एक नवीकोरी मोठी एसयूव्हीही बॉनेट उघडून उभी होती, तेवढंच समाधान.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण त्या रांगेतच एकजण ती करायला निघाला होता. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ते नुसतं झाकण नसतं, त्यात स्प्रिंग असते आणि ती आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवते. त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांना न उकळता ११५-१२० पर्यंत तग धरतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबायचं. वरचा जाड रबरी पाइप फडक्याने दाबून पाहायचा, मऊ लागला की मग जाड कापड टाकून झाकण हळूहळू सोडायचं. आणि पाणी ओतताना इंजिन चालू ठेवून बारीक धारेने ओतायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम गेलं तर हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो, मग खर्च रेडिएटरचा राहत नाही.

आम्ही पाऊण तास थांबलो. आत्याने डबा उघडला. साटोरी, लिंबाचं गोड लोणचं आणि मागच्या गाडीतल्या दोन पोरांना शंकरपाळे. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल काळंच होतं, चहासारखं दुधट नव्हतं. म्हणजे पाणी इंजिनात शिरलेलं नाही. दोन बाटल्या पाणी पाजलं आणि निघालो.

उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा गाडीखाली थेंब पडतच होते. शेजारी ट्रक लावून एक ड्रायव्हर दातात काडी घालून उभा होता. तो वाकला, पाहिलं, म्हणाला, “ताई, हळद हाय का जवळ?”

आत्याचा हात आपोआप पिशवीवर गेला.

“हळद फुगती, भोकात बसती. आमच्या गाड्यांना लय येळा टाकलीय. दोन चमचे टाका, चिपळूणपर्यंत काय होत न्हाई.”

आत्या म्हणाली, “सांगलीची आहे हो ती.” जणू तो म्हणणार होता, मग राहू द्या.

पेल्यात पाण्यात कालवून दोन चमचे ओतले. दहा मिनिटं इंजिन चालू. गळती कमी झाली, पण थांबली नाही. ड्रायव्हर निघून गेला होता. मी आणखी थोडी घातली. ‘थोडी’ हा शब्द पुढे चिपळुणात वादाचा झाला. पाटणपर्यंत गळती खरंच थांबली होती आणि गाडीला कढीसारखा वास येत होता.

मल्हारपेठ, पाटण, मग कोयनेच्या काठाकाठाने. हा रस्ता मला नेहमीच आवडतो. उसाची शेतं मागे पडतात, डोंगर जवळ येतात. कोयनानगरला आत्याने नेहमीप्रमाणे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण सांगितली. त्या पहाटे ती पुण्यात होती आणि फळीवरची भांडी वाजली होती. दरवेळी एक भांडं वाढतं.

कुंभार्ली घाट उतरताना काटा मधोमध. उतारावर इंजिनला काम नसतं, त्यामुळे आपण बरे झालो असं वाटायला लागतं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणारे लोक अजून आहेत, त्यांना एवढंच सांगेन की ब्रेकची मदतही त्याच इंजिनातून येते.

गुहागरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू म्हणाल्या, “वाटेत काय लग्न लागलं का? हात कसे पिवळे झालेत दोघींचे!”

दुसरा दिवस: गुहागर

सकाळी अंगणात गाडीखाली पिवळं डबकं. काकूंची मांजर त्याचा वास घेऊन निघून गेली.

नाक्यावरच्या गॅरेजमधला मुलगा येऊन पाहून गेला. त्याचं म्हणणं, गळती लहान आहे, पण गाडी त्यामुळे तापत नाहीये. त्याने गाडी चालू ठेवून पंखा लागायची वाट पाहिली, पंखा लागला. मग रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. वरचा भाग हात भाजेल इतका गरम आणि खालचा एक कोपरा जवळजवळ गार. “आत चोक आहे. पाणी फिरतच नाही इथून. चिपळूणला न्या, तिथे रेडिएटरचं काम करणारे चाचा आहेत.” पैसे घेतले नाहीत, फणसाचे गरे मात्र घेतले.

ही युक्ती कुणालाही करता येते म्हणून लिहितेय. गाडी तापल्यावर बंद करायची, थोडं थांबायचं आणि जाळीवर सगळीकडे हात जवळ नेऊन पाहायचं. कुठेतरी गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. बंद गाडीतही पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून बोटं त्याच्यापासून लांब.

त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी संपायची होती, चाचा उद्या भेटणार. मग गुहागर. व्याडेश्वराचं दर्शन, तिथून उफराट्या गणपतीला. हा गणपती समुद्राकडे, पश्चिमेला तोंड करून बसला आहे. गावात समुद्र शिरायला लागला तेव्हा देवाने तोंड फिरवून त्याला अडवलं, अशी गोष्ट आहे. आत्याने हात जोडून काहीतरी बराच वेळ सांगितलं. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, “गाडीचं नाही मागितलं. देवाला किती कामं लावायची.”

दुपारी जेवायला फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ (हंगामातल्या शेवटच्या बिया, काकूंनी राखून ठेवलेल्या), आमसुलाचं सार, आणि आमरसात साखर नाही. काकूंच्या अढीतला हापूस तसाच खायचा असतो, साखर मागितली तर त्या माणसाकडे बघायच्या बंद होतात. संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर. गुहागरचा किनारा इतका लांब आणि सरळ आहे की गर्दीच्या सुट्टीतही पाच मिनिटं चाललं की आपण एकटे. दमट हवेने कपडे अंगाला चिकटतात, पण सूर्य बुडाला की जो वारा सुटतो त्यासाठी ते सगळं चालतं.

लोणच्याच्या कैऱ्या चिरून झाल्या. हळद उरली होती पिशवीच्या तळाशी. आत्या काही बोलली नाही, नुसती पिशवी हलवून दाखवली.

तिसरा दिवस: चिपळूण

पहाटे निघालो, गार हवेत. गुहागर-चिपळूण पंचेचाळीसेक किलोमीटर, मध्ये दोनदा थांबून पाणी. आत्याही आली, तिला नवी हळद घ्यायची होती.

चाचांचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, बाहेर जुने रेडिएटर एकावर एक रचलेले, आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर ओढलेली एक रेघ. “२२ जुलै २०२१,” चाचा म्हणाले. पुराची खूण. रंग देताना तेवढी जागा सोडतात.

रेडिएटर उतरवायला अर्धा तास. पाइप काढला आणि खालच्या बादलीत पिवळा गाळ पडला. चाचांनी बोटावर घेऊन वास घेतला.

“हळद?”

“दोन चमचे,” मी.

“मूठ होती,” आत्या.

चाचा हसले नाहीत. “मावशी, हळद वाईट नाही. रानात अडकलं तर गळती थांबवते, घरी पोचवते. पण तिला काय कळतं कुठलं भोक गळतीचं आणि कुठली नळी पाण्याची? ती सगळीकडेच बसते.”

पुढचे दोन तास मी जिथे बसले होते तिथून हलले नाही. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, डाखाने (सोल्डरने) जोडलेले, म्हणून उघडता येतात. आताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकची टाकी असते, ती गेली की बहुधा पूर्ण बदलायची. चाचांनी गॅसची ज्योत सांध्यावरून सावकाश फिरवली, डाख चमकला आणि पाऱ्यासारखा पळायला लागला, आणि वरची टाकी पक्कडने अलगद उचलून बाजूला आली. आत नळ्यांची चपटी तोंडं, पोळ्यासारखी. निम्म्यांत पांढरा थर, त्यावर पिवळा.

“कुठलं पाणी टाकता?”

“बोअरिंगचं.”

“तेच. क्षार. किटलीत बसतो तसाच.”

मग एक लांब, पातळ पोलादी पट्टी. एकेका नळीत घालायची, खालपर्यंत न्यायची, ओढायची. बाहेर येताना ओल्या खडूसारखा चुरा. काही नळ्यांत पट्टी अर्ध्यावर अडायची, मग चाचा जोर करायचे नाहीत, थोडं ॲसिड सोडून पाच मिनिटं दुसरी नळी करायचे. “जोर केला की नळी फाटते, मग ती कायमची बंद करावी लागते.” तशा दोन बंद करायला लागल्या. बाकीच्या मोकळ्या झाल्यावर त्यांनी जाळी उजेडाकडे धरून मला नळ्यांतून पाहायला लावलं. दुसऱ्या टोकाला रस्त्यावरची रिक्षा दिसली, उभ्या पट्ट्या-पट्ट्यांत.

सांधा घासून, नवा डाख ओतून टाकी पुन्हा बसली. मग तोंडांना रबरी बुचं लावून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला आणि हवा भरली. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ. पुन्हा बाहेर, पुन्हा डाख, पुन्हा हौदात. आता पाणी स्वस्थ.

गाडीत परत बसवायच्या आधी चाचा समोर वाकून बघत राहिले. “एसी चालतो?”

“दहा वर्षं झाली बंद पडून.”

“मग याला कशाला पुढे उभा केलाय?” रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी असते, कंडेन्सर. बंद एसीची ती जाळी दहा वर्षांच्या धुळीने आणि किड्यांनी गच्च भरली होती आणि रेडिएटरला वाराच मिळत नव्हता. पाणी आतून अडलेलं, हवा बाहेरून. गळती त्या मानाने बिचारी किरकोळ. पुण्यातल्या गॅरेजात ही गाडी वर्षातून दोनदा जाते, कुणी तिकडे पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं. कंडेन्सर उतरवून भंगारवाल्याला दिला, त्यातून दोन वेळचा चहा निघाला.

झाकणाचं रबर चिरलेलं होतं, तेही नवं. इंजिनातून नळीने पाणी सोडून पिवळं यायचं थांबेपर्यंत धुतलं. मग हिरवं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं. आणि एक गोष्ट जी चाचांनी दोनदा सांगितली: भरल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येईल, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. हवेचा फुगा आत राहिला तर नव्या रेडिएटरचीही गाडी तापते. थर्मोस्टॅटही (इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) मुळात नाहीच आहे, असं तेव्हा कळलं. गाडी तापते म्हणून कुणीतरी कधीतरी काढून टाकला होता. “तो पुण्यात बसवून घ्या. तो नसला की इंजिन गार राहतं, पेट्रोल खातं. लोक डॉक्टर बदलायच्या ऐवजी थर्मामीटर फेकतात.”

सगळं मिळून अठराशे रुपये. आत्याने बाजारातून पाकिटातली हळद आणली होती. चाचांनी जाता जाता विचारलं, “आता ही कशाला?”

“लोणच्याला,” आत्या म्हणाली. “गाडीला दाखवणारसुद्धा नाही.”

चौथा दिवस: परत

खरी परीक्षा आज होती. जाताना कुंभार्ली उतरलो होतो, आता चढायचा होता. पाचला निघालो, खरंच पाचला. पूजा गाडीत झाली. शिरगाव सोडलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. दुसरा गिअर, तीसचा वेग, खिडक्या उघड्या. मी रस्ता बघत होते आणि आत्याला काटा बघायचं काम दिलं होतं. ती दर वळणाला बातमी द्यायची. “मधोमध.” “मधोमध.” “किंचित वर.” मी श्वास धरला. “तुझ्या बाजूने तसा दिसतोय, माझ्या बाजूने मधोमध.”

घाटाच्या वरच्या टप्प्यात एका उसाच्या ट्रॉलीमागे, नाही, ट्रॉली रिकामी होती, पण तितकीच हळू, काटा खरोखरच चढला. मग पुढून घर्र असा आवाज आला. पंखा लागला होता. दोन मिनिटांत काटा जागेवर. इतक्या वर्षांत गाडी चालवताना हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, की ऐकून सोडून दिला होता, कोण जाणे.

घाटमाथ्यावर वडा आणि चहा. बॉनेट उघडून सांध्यावरून बोट फिरवलं. कोरडं. खाली कोकणात धुकं साचलेलं आणि डोक्यावर माकडं, आमच्या वड्यांवर डोळा ठेवून. एक वडा गेला.

नंतरचं सांगण्यासारखं काही नाही. कराडकडून येणारा हमरस्ता, साताऱ्याला कंदी पेढे, खंबाटकीला या वेळी बोगदा. बोगद्यातून बाहेर पडताना आत्याने पलीकडच्या घाटाकडे पाहिलं, तिथे तेव्हाही तीन बॉनेटं वर होती. “हळद हवी का विचारू या?” म्हणाली.

काकूंचा काल फोन आला. लोणचं मुरतंय, रंग थोडा फिका आहे.

मी सध्या रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरते आणि सकाळी उचलून बघते. चौथ्या दिवशी त्यावर एक डाग दिसला. वाकून बोट लावलं, वास घेतला. ऑइल होतं. ते ती पहिल्यापासूनच गाळते.